कागदावरची भिंत 120 मीटरची होती

एका 27 वर्षांच्या तरुणानं प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा : "पुण्यात नोकरी करतो, गाव मराठवाड्यात. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायला वडिलांकडे चार हजार मागितले. दोन दिले, दोन द्यायचे राहिलेत. इकडे बातम्यांत रोज हजारो कोटींचे घोटाळे. काल ज्याला चोर म्हटलं, तोच आज शेजारच्या खुर्चीत. मी मत एकाला दिलं, ते गेलं दुसऱ्याच सरकारात. बातम्या बघणंच सोडलंय. सामान्य माणसानं काही केल्यानं या देशात काही होतं का, की सगळेच चोर म्हणून गप्प बसायचं?"

मी स्थानिक निधी लेखापरीक्षेत 33 वर्षं नोकरी केली. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका यांचे हिशेब तपासणारं हे खातं. निवृत्तीनंतर लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतो आणि आलेले कागद वाचून दाखवतो. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी एका भिंतीची गोष्ट. नव्वदच्या दशकाच्या मध्याला एका गावच्या शाळेच्या कुंपणभिंतीचं काम माझ्या तपासणीत आलं. नस्ती, म्हणजे कामाची फाइल, अगदी चोख होती. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, कामपूर्णत्वाचा दाखला, सगळं जागच्या जागी. मोजमाप पुस्तिकेत भिंतीची लांबी 120 मीटर. सहसा आम्ही कागदावरूनच तपासणी करायचो, पण त्या दिवशी काम लवकर संपलं म्हणून मी टेप मागवली आणि शाळेत गेलो. भिंत 78 मीटर भरली. मागची बाजू उघडीच होती आणि तिथून गुरं मैदानात येत होती.

मी आक्षेप लिहिला, वसूलपात्र रक्कम काढली. पुढं 11 वर्षं अहवालातल्या त्या आक्षेपाच्या परिच्छेदाच्या अनुपालनात, म्हणजे कार्यालयाच्या उत्तरात, एकच वाक्य येत राहिलं : "संबंधितांकडून खुलासा मागविण्यात आला आहे." दरम्यान अभियंता निवृत्त झाला, ठेकेदार वारला आणि परिच्छेद वगळला गेला. 42 मीटर भिंतीचे पैसे कायमचे गेले.

मला त्या पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली आणि ती आजही बोचते. भिंत अर्धवट आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण सरकारी कागदात ती 120 मीटरची आहे, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. आणि कागदात 120 मीटर आहे हे माझ्यासारख्या दहा जणांना माहीत होतं, पण आमच्यातल्या कोणीही भिंत पाहिलेली नव्हती. भिंत माहीत असणारे एकीकडे, कागद माहीत असणारे दुसरीकडे. मधली जी जागा आहे, तिच्यात सगळी टक्केवारी राहते. माझ्या 33 वर्षांत मी जेवढे अपहार पाहिले, त्यातले बहुतेक फार हुशारीचे नव्हते. त्या दोन माणसांची गाठ पडली नाही, एवढंच त्यांचं भांडवल होतं.

तुम्ही म्हणाल, मी हजारो कोटींबद्दल विचारलं आणि हे शाळेच्या भिंतीबद्दल सांगतायत. पण मोठे आकडे ऐकून माणूस का थकतो, ते एका लेखापरीक्षकाच्या नजरेतून बघा. 2010 मध्ये टू-जी स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाइल कंपन्यांना दिलेल्या लहरींच्या वाटपावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. त्यातला 1 लाख 76 हजार कोटींचा आकडा घरोघरी पोचला. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 122 परवाने रद्द केले. आणि 21 डिसेंबर 2017 ला विशेष न्यायालयानं सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. लोकांनी यातून दोनच अर्थ काढले. एक तर घोटाळा खोटा होता, नाहीतर न्याय विकला गेला. मला विचाराल तर मुळातली गल्लत वेगळी आहे. लेखापरीक्षेचा तो आकडा संभाव्य नुकसानाचा होता : लिलाव झाला असता तर तिजोरीत किती आलं असतं, याचा अंदाज. तोही एका पद्धतीनं काढलेला. अहवालात इतर पद्धतींचे कमी आकडेही होते. परवाने रद्द करताना न्यायालय बघतं की वाटपाची रीत मनमानी होती का. आणि फौजदारी खटल्यात बघायचं असतं की अमुक माणसानं अमुक पैसे घेतले हे संशयापलीकडे सिद्ध होतं का. तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळी उत्तरं. आपल्याला मात्र टीव्हीनं पहिल्या दिवशीच सांगून टाकलं की कोणीतरी पावणेदोन लाख कोटी खिशात घातले. मग सात वर्षांनी निकाल ऐकून माणूस उमेद हरणार नाही तर काय?

लेखापरीक्षेचं काम शिक्षा देण्याचं नाही, वेळेवर प्रश्न विचारण्याचं आहे. अहवाल विधिमंडळात मांडला जातो, आमदारांच्या लोकलेखा समितीकडे जातो, समिती खात्याच्या सचिवांना बोलावते, साक्ष घेते. जिल्हा परिषदांसाठी पंचायत राज समिती असते. ही यंत्रणा जिवंत राहायला आमदारांनी ते अहवाल वाचावे लागतात. तुमच्या आमदारानं गेल्या पाच वर्षांत कोणत्या समितीत काय काम केलं, हा प्रश्न प्रचारसभेत कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. विचारायला हवा.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. 2012 च्या आर्थिक पाहणीतून एक आकडा बाहेर आला : दहा वर्षांत सिंचनावर सुमारे 70 हजार कोटी खर्च होऊन सिंचनाखालचं क्षेत्र अवघं 0.1 टक्का वाढलं. या आकड्यावर पुढं वाद झाले, श्वेतपत्रिका निघाली, चौकशीला चितळे समिती बसली. त्याच वर्षी विजय पांढरे या मुख्य अभियंत्यांनी वरिष्ठांना लिहिलेलं पत्र गाजलं. त्या सगळ्या गदारोळात एक साधा शब्द बाजूला पडला, तो म्हणजे सुप्रमा. सुधारित प्रशासकीय मान्यता. प्रकल्प एका किमतीला मंजूर करायचा, काम सुरू झालं की किंमत वाढवून घ्यायची, मग पुन्हा वाढवायची. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्दला 1983 मध्ये 372 कोटींची मान्यता होती. 2016 पर्यंत ती 18 हजार कोटींच्या वर गेली. हे सगळं चोरीतच गेलं असं मी म्हणणार नाही. महागाई, भूसंपादन, पुनर्वसन यांचा वाटा त्यात मोठा आहे, आणि विस्थापितांना मिळालेला पैसा हा त्यांचा हक्कच होता. पण प्रत्येक सुप्रमाची नस्ती असते आणि वाढ का झाली याचे रकानेवार आकडे तिच्यात असतात. धरणाच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या किती गावांनी ती नस्ती पाहिली? ज्यांची जमीन गेली त्यांना धरण माहीत होतं, नस्ती नाही. पुन्हा तीच भिंत.

आणि दिल्ली-पाटण्यापर्यंत हलवणारी गोष्टही जिल्ह्याच्या कपाटातूनच निघते, हे विसरू नका. बिहारचा चारा घोटाळा 1996 च्या जानेवारीत उघडा पडला, तो चाईबासाच्या उपायुक्तांनी, अमित खरे यांनी, कोषागारातून पशुसंवर्धन खात्यानं काढलेले पैसे आणि मंजूर तरतूद यांचा मेळ घालून पाहिला तेव्हा. तरतुदीच्या कितीतरी पट पैसे उचलले गेले होते. बिलात जनावरं वाहून नेल्याचे जे वाहन क्रमांक लिहिले होते, त्यात स्कूटरही निघाल्या. पुढं मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं आणि 2013 मध्ये शिक्षा झाली. सतरा वर्षं लागली हे वाईटच. पण सुरुवात दोन कागद शेजारी ठेवण्यापासून झाली होती.

तुमच्या वडिलांचे दोन हजार आणि निवडणुकीतले शेकडो कोटी यांचा संबंध काय, तोही सांगतो. लोकसभेच्या उमेदवाराला आपल्याकडं 95 लाखांची खर्चमर्यादा आहे, विधानसभेला 40 लाखांची. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. निवडणूक जवळून पाहिलेल्या कोणालाही विचारा, 40 लाखांत विधानसभा लढवता येते का. हा पैसा कुठून तरी येतो. 2018 पासून निवडणूक रोख्यांतून तो निनावी येत होता. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं ती योजना घटनाबाह्य ठरवली आणि यादी जाहीर करायला लावली. एप्रिल 2019 नंतरच्या पाच वर्षांतच 12 हजार कोटींहून जास्त रोखे विकत घेतले गेले होते. सर्वांत मोठा वाटा केंद्रातल्या सत्ताधारी भाजपला, पण राज्याराज्यांत सत्तेत असलेल्या इतर पक्षांनाही भरपूर मिळाले. माझं मत असं आहे की ज्याला निवडणुकीचा खर्च वसूल करायचा असतो तो बदल्यांमधून करतो, ठेक्यांमधून करतो. आणि बदलीसाठी पैसे मोजलेला माणूस ते खालून वसूल करतो. वसुलीच्या उतरंडीत सगळ्यात खाली तुमचे वडील उभे आहेत. म्हणून तुमचा राग वर जातो हे बरोबर आहे. पण वरचं टोक तुमच्या हाताला लागत नाही. खालचं लागतं.

आता त्या खालच्या टोकाकडं.

पहिला प्रश्न, दोन हजार देऊन किती दिवस झाले? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणंही गुन्हा आहे. ज्याला द्यायला भाग पाडलं गेलं त्यानं सात दिवसांच्या आत कळवलं तर त्याला संरक्षण आहे. ते सात दिवस उलटून गेले असतील तर एखाद्या वकिलाशी बोलल्याशिवाय दिलेल्या पैशांची कबुली लिहून देऊ नका. उरलेल्या दोन हजारांची मागणी मात्र अजून चालू आहे, आणि पैसे देण्याआधी तक्रार करणाऱ्याला कायदा आरोपी मानत नाही.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064. नुसत्या फोनवर सापळा लागत नाही. तुमच्या वडिलांना जिल्ह्याच्या युनिटमध्ये जावं लागेल. आधी मागणीची पडताळणी होते : रेकॉर्डर देऊन, पंचांसमोर त्यांना पुन्हा त्या माणसाशी बोलायला पाठवतात. मागणी स्पष्ट झाली तरच पावडर लावलेल्या नोटा देऊन सापळा लावतात. त्या नोटांचे पैसे नंतर परत मिळतात. खटला वर्षानुवर्षं चालू शकतो, साक्षीला जावं लागतं. गावात काय काय बोललं जाईल तेही धरून चाला. मी दोन जणांना या वाटेनं जाताना सोबत केली आहे. दोघांचंही काम झालं, पण त्यातल्या एकाला दोन वर्षं गावात कोणी उसनी पाण्याची पाळी दिली नाही. म्हणून हा निर्णय वडिलांचा. तुम्ही पुण्यात बसून त्यांच्यावर लादू नका. पण त्यांनी ठरवलंच, तर तुम्ही रजा काढून शेजारी उभे राहा.

ज्यांना सापळा नको त्यांच्यासाठी कागदाची वाट आहे, आणि माझ्या अनुभवात ती पुष्कळदा पुरते. वारसनोंदीचा अर्ज तोंडी राहिला असेल तर ई-हक्क प्रणालीवर तो ऑनलाइन करा. अर्ज क्रमांक मिळतो आणि तारीख पक्की होते. नोंद झाल्यावर हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस असते. वाद नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. यात कुठंही चार हजारांचं शुल्क नाही. काम अडलं तर महिन्यानं माहिती अधिकारात एकच अर्ज टाका, तहसील कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावानं. त्यात "काम का झालं नाही" असं विचारू नका. का या प्रश्नाला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. असं विचारा : माझ्या अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या अर्जावर कोणत्या अधिकाऱ्यानं कोणत्या तारखेला काय कार्यवाही केली, तो सध्या कोणाकडे, कोणत्या तारखेपासून आहे, त्यावरच्या टिपणीची प्रत द्यावी. हा अर्ज पोचला की नस्ती हलते, कारण उत्तर देताना कोणाचं तरी नाव लिहावं लागतं. आपल्या राज्यात बदल्यांचं विनियमन आणि दफ्तर दिरंगाई रोखण्यासाठीचा कायदाही आहे, 2005 चा. त्यानुसार साधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडं सात कामाच्या दिवसांहून जास्त राहू नये. पुढच्या तक्रारीत त्या कायद्याचं कलम 10 लिहा. शिवाय 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं प्रत्येक कार्यालयात सेवांची यादी, मुदत, शुल्क आणि अपील अधिकाऱ्याचं पद फलकावर लावणं बंधनकारक आहे. वडिलांना त्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांगा. फलकच नसेल तर ती पहिली तक्रार.

इथवर घरचं झालं. तुम्ही विचारलं होतं देशाबद्दल. माझं म्हणणं आहे की गावातलं एक काम निवडा आणि त्याचे कागद वाचायला शिका. एकच. गेल्या दोन-तीन वर्षांतला सिमेंट रस्ता, नाली, पाण्याची टाकी, काहीही. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशातून कोणाला किती दिलं गेलं ते दिसतं. आज रात्री बसून पाहता येईल. मग त्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, देयकं, चाचणी अहवाल आणि मुरूम-खडीच्या रॉयल्टीच्या पावत्या मागा. आपल्याकडच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत असावा लागतो, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. उत्तराला 30 दिवस. ते उलटले तर माहिती फुकट द्यावी लागते. मग पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून.

नवख्या माणसाची नेहमीची चूक अशी की तो "गेल्या दहा वर्षांतल्या सर्व कामांची संपूर्ण माहिती" मागतो. कार्यालय सांगतं, चार हजार पानं, आठ हजार रुपये भरा. मग तो म्हणतो, बघा, देतच नाहीत. त्यापेक्षा आधी अभिलेख पाहायला मागा, पाहून हवी तेवढीच पानं घ्या. पुणे महापालिकेत सुरू झालेली पद्धत नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानं राज्यभर नेली गेली : जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता यावेत. फार थोड्या लोकांना हे माहीत आहे. कर्मचाऱ्यांनाही नसतं. शासन निर्णयाची छापील प्रत खिशात ठेवून जा.

मोजमाप पुस्तिका कशी वाचायची? लांबी, रुंदी, जाडी असे तीन आकडे आणि त्यांचा गुणाकार. एवढंच. लांबी-रुंदीत चोरी हल्ली कमी होते, कारण टेप कोणीही लावतो. जाडीत होते. पंधरा सेंटिमीटर लिहिलेला रस्ता कडेला खरवडून बघितला की कळतं. दुसरी जागा म्हणजे तारखा : भर पावसाळ्यात झालेलं खोदकाम, सुट्टीच्या दिवशी घेतलेली मोजमापं, कार्यारंभ आदेशाच्या आधीची पावती. तिसरी, एकच रस्ता दोन योजनांत. वित्त आयोगातून एकदा आणि आमदार निधीतून एकदा, नावात थोडा फरक करून. "मारुती मंदिर ते पाटील वस्ती" आणि "पाटील वस्ती ते शाळा", आणि जमिनीवर रस्ता एकच. हे तिन्ही ओळखायला लेखापरीक्षक लागत नाही. गावचा माणूस लागतो, कारण पाटील वस्ती कुठं आहे ते त्यालाच माहीत असतं.

आणि कागद मिळाले की ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. ही कल्पना माझी नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं 1994 च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा गावात पहिली जनसुनावणी घेतली. हजेरीपटावरची नावं गावासमोर वाचली, आणि ज्यांच्या नावावर मजुरी निघाली होती त्यांनी उठून सांगितलं की आम्ही तिथं गेलोच नव्हतो. अशा जनसुनावण्यांमधून आणि 1996 मधल्या ब्यावरच्या 40 दिवसांच्या धरण्यातून माहिती अधिकाराची मागणी देशभर गेली. आपल्याकडं अण्णा हजारे यांच्या उपोषणांनंतर 2002 चा राज्याचा कायदा लागू झाला, आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून देशाचा. सरकारी कामांवरच्या मजुरांनी हा कायदा मिळवला. निराश व्हावंसं वाटतं तेव्हा मी त्या अक्षरओळख नसलेल्या बायकांचा विचार करतो, ज्यांनी हजेरीपट वाचून दाखवा असं सरकारला सुनावलं.

निवृत्तीनंतर एका गावात आम्ही हे केलं. अंतर्गत रस्त्याची मोजमाप पुस्तिका मिळवली, दोन तरुणांनी जाडी मोजली, एका शिक्षिकेनं ग्रामसभेत आकडे वाचले. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातले जे कमी असतील ते लागतात. त्या दिवशी दोनशेवर लोक होते. आरडाओरड झाली नाही, कोणाला चोर म्हटलं नाही. नुसते आकडे वाचले. अंतिम देयक निघायचं होतं; ठेकेदारानं साठ मीटरचा तुकडा उखडून पुन्हा केला. कोणाला शिक्षा झाली नाही, वर्तमानपत्रात आलं नाही. पण रस्ता नीट झाला. 11 वर्षं अनुपालन मागून मला जे जमलं नव्हतं, ते त्या शिक्षिकेनं अर्ध्या तासात केलं.

धोका लपवणार नाही. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. 13 जानेवारी 2010 ला सकाळी भर रस्त्यात त्यांचा खून झाला. जागल्यांना, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा 2014 मध्ये मंजूर झाला, पण तो लागूच केलेला नाही. सरकारं बदलून गेली, तरी नाही. याबद्दल मला मनस्वी संताप आहे. म्हणून जमीन, वाळू किंवा मोठ्या ठेक्याचा विषय एकट्यानं हातात घेऊ नका. तोच अर्ज चार-पाच जणांनी वेगवेगळा टाका, आलेला कागद त्याच दिवशी दहा जणांना पाठवा. कागद सगळ्यांकडं गेला की एका माणसाला गाठून उपयोग राहत नाही.

माहिती अधिकाराचा कायदाही बोथट होत चालला आहे. 2019 च्या दुरुस्तीनं माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडं गेला. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम 8(1)(ञ) बदललं : पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना सार्वजनिक हिताचा विचार त्याच कलमात करावा लागे, आता "वैयक्तिक" म्हटलं की पुरतं. लाभार्थींच्या याद्या आणि अधिकाऱ्यांच्या मालमत्ता यांच्या बाबतीत हे हत्यार वापरलं जाणार. पण कलम 8(2) शाबूत आहे. त्यात व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते. अर्जात त्याचा उल्लेख करा आणि जनहित काय ते एका ओळीत लिहा. दुसऱ्या अपिलाला वर्ष-दोन वर्षं लागतात, राज्य माहिती आयोगाकडची प्रलंबित अपिलं एक लाखाच्या वर गेली होती. म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा. तिथंच कागद मिळवायचा प्रयत्न करा. आणखी एक नवी अडचण 2018 ची : अधिकाऱ्यानं घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 17-अ खाली आधी सरकारची परवानगी लागते. लाच घेताना रंगेहाथ पकडलेल्याला ते लागू नाही. म्हणजे दोन हजार घेणारा लगेच पकडता येतो आणि दोनशे कोटींचा निर्णय घेणाऱ्यासाठी आधी परवानगी मागावी लागते. राष्ट्रीय राजकारणावर रागवायचंच असेल तर यावर रागवा. खासदाराला हे कलम क्रमांकासह पत्रात लिहून विचारा.

आणि मत. 2019 च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये 27 हजारांवर लोकांनी "वरीलपैकी कोणीही नाही"चं बटण दाबलं, तो पर्याय दुसऱ्या क्रमांकावर आला. जागावाटपावरची नाराजी त्यामागं होती असं तेव्हा बोललं गेलं. खरं काही असो, निवडून आलेला उमेदवार आमदार झालाच. नकाराचं मत देण्याचा तुमचा हक्क मला मान्य आहे. पण "सगळे सारखेच" हे वाक्य मला मान्य नाही, कारण मी त्यांचे हिशेब पाहिले आहेत. एकाच तालुक्यात, एकाच निधीत, एका गावची टाकी गळते आणि शेजारच्या गावची वीस वर्षं टिकते. दोन्हीकडचे सरपंच बऱ्याचदा एकाच पक्षाचे असतात. फरक पक्षात नसतो, पण फरक असतो. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचा. त्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज हे जाहीर करणं सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळं बंधनकारक झालं आहे. पाच वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा. पुन्हा, दोन कागद शेजारी.

एक सांगायचं राहिलं. 2022 आणि 2023 मध्ये पक्ष फुटले तेव्हा आपण महिनोन्‌महिने तावातावानं बोलत होतो. त्याच काळात मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. जवळपास चार वर्षं देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या हाती होती, आणि राज्यातल्या बहुतेक महापालिका, जिल्हा परिषदांची तीच गत. अंदाजपत्रकावर सभागृहात प्रश्न विचारणारा एकही माणूस नव्हता. त्यावर किती घरांत वाद झाला? तुमच्या घरात झाला का?

वडिलांना आज फोन करून विचारा की अर्जाची पोच त्यांच्याकडं आहे का. असेल तर तिचा फोटो मागवून ठेवा आणि मूळ कागद कोणालाही देऊ नका, "साहेबांना दाखवतो" म्हणून मागितला तरी. नसेल तर उद्याच नवा अर्ज करा. मग गावातला एखादा रस्ता निवडा. त्याची मोजमाप पुस्तिका मिळाली आणि एखादी नोंद कळली नाही, तर त्या पानाची प्रत मला पाठवा. वाचून सांगतो.